उजव्या खिशातला दगड

आक्का, कावळा लगेच शिवला.

मी पुरत्या तयारीनं गेलो होतो. कावळा अडून बसणार, दोन-तीन तास उन्हात उभं करणार, याची मला खात्री होती. तू हयातीत कुणाचं पहिल्या हाकेला ऐकलं नाहीस, तर आता काय ऐकणार? म्हणून काय काय कबूल करायचं, ते घाटावर जाताना स्कूटरवर मनात घोळवत होतो. दाजींच्या जेवणाखाण्याचं बघीन. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेईन. तुझी दगडांची पेटी भंगारवाल्याला देणार नाही. आणि अगदीच अडलं, तर आपल्या भांडणात हार मानीन. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, कारण एवढं सहजासहजी द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

पान मांडून लोक मागं सरकले न सरकले, तोच पिंपळावरनं एक कावळा उतरला. इकडं नाही, तिकडं नाही, भाताला चोच मारली आणि उडाला. "सुटली बघा," मागनं कुणीतरी म्हणालं. "काय मागं ऱ्हायलं न्हवतं बाईचं." लोक चपला शोधायला लागले.

मी तिथंच. मला रागच आला, खरं सांगतो. काही मागं राहिलं नव्हतं? मग माझं काय? इतकी वर्षं आपण ज्यावर भांडलो, ते तू एकटीनंच मिटवून टाकलंस?

तेव्हापासून एका जागी ठरत नाही. दुकान उघडतो, शटर अर्धं ओढून घरी येतो, घरी आलो की दुकानात काहीतरी राहिलंय असं वाटतं. काल एका थप्पीतल्या फरश्या काढून दुसऱ्या थप्पीत लावल्या आणि दुपारी परत पहिल्या थप्पीत नेल्या. हमाल म्हणाला, "मालक, बरं वाटंना व्हय?" म्हणून आता लिहायला बसलोय. चार ओळी झाल्या की उठतो, पाणी पितो, परत बसतो. घरात गोष्ट सांगायची म्हटली की सगळे माझ्याकडं बघतात. बारसं असो, साखरपुडा असो, मी सुरू झालो की जेवणं लांबतात. एक खरं सांगतो, त्यात पावशेर माझी भर घालतो. ती भर चाळून बाजूला काढणारी तू एकटीच होतीस. आता चाळणारं कुणी नाही, त्यामुळं जरा जपून लिहितो.

मी दगडाच्या धंद्यात आलो तो तुझ्यामुळं. बारावीला दोनदा आपटल्यावर आबांनी मला कायमचा म्हशींच्या गोठ्यात जमा करायचं ठरवलं होतं. तू तेव्हा कॉलेजात नुकतीच शिकवायला लागली होतीस, भूगर्भशास्त्र. आबांना म्हणालीस, "फरशीचं दुकान काढू दे त्येला. तेवढंच आमा दोघांत बोलायला काय तरी हुईल." म्हशींचं माझ्यावाचून काही अडलं नाही. कळंब्याच्या रस्त्याला दुकान झालं, आणि बोलायला विषय मिळाला तो असा की शेवटपर्यंत संपला नाही.

विषय म्हणजे तुझा तो दगड.

नव्वदच्या पुढची गोष्ट. गोव्याहून संशोधनाचं एक जहाज हिंदी महासागरात जाणार होतं आणि दगड ओळखणारं माणूस म्हणून त्यात तुझं नाव लागलं. आईनं तुझ्या पिशवीत जयसिंगपूरचं भडंग आणि कांदा-लसणाची चटणी कोंबली. कोंबता कोंबता म्हणाली, "दगड बघायला इतक्या लांब कशाला मरायचं? पन्हाळ्यावर काय कमी हायती व्हय?"

"पन्हाळ्याचा दगड आणि त्यो दगड सख्खी भावंडं हायती, आई," तू म्हणालीस. "दोन्ही लाव्हाचीच. ह्यो उघड्यावर थंड झाला, त्यो पाण्यात. पाण्यातल्याचं पुढं काय झालं, तेवढं बघून येतो."

आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी तूही "येतो, जातो, खातो" म्हणायचीस. जहाजावरचे पुण्या-मुंबईचे लोक त्यावर हसायचे म्हणे. चटणी संपेपर्यंत हसले आणि मग दुसऱ्या बरणीची चौकशी करायला लागले. हे तूच सांगितलेलं, यात माझी भर नाही.

महिन्याभरानं आलीस ती निम्मी होऊन. पोटात काही ठरलंच नव्हतं. पिशवीतनं काढलास मुठीएवढा एक दगड. शेवाळासारखा हिरवट, मधनं एक पांढरी शीर गेलेली. तपासून उरलेला तुकडा, रीतसर विचारून आणलेला. मी हातात घेऊन उलटासुलटा केला. "एवढा समुद्र हिंडून ह्यो आणलास? शिंपल्या तरी आणायच्यास."

मग जेवताना तू सांगायला बसलीस. दाजी, म्हणजे तुझे मालक, पोस्टातनं नुकतेच आले होते. (दाजी कोण हे तुला सांगायला नको, पण हे कागद पुढं कुणाच्या हाती लागले तर तो गोंधळायला नको.) तू आमटीच्या वाटीत भाकरीचा तुकडा उभा धरलास.

"समुद्राच्या तळाला भेगा असत्यात. त्यातनं खारं पाणी आत मुरतंय. मुरत मुरत खाली जातंय, आणि खाली हाय भट्टी. तितं त्ये पाणी तीनशे-साडेतीनशे अंशांवर तापतंय."

"मग वाफ हुईल की."

"कशी हुईल? डोक्यावर दोन-अडीच किलोमीटर पाण्याचं ओझं. असला कुकर, की शिट्टीच न्हाई. मग त्ये तापल्यालं पाणी दगडाला सोडत न्हाई. त्येच्यातलं तांबं काढून घेतंय, जस्त, लोखंड काढून घेतंय. आणि आपल्यातलं मॅग्नेशियम त्येला देतंय. काळ्याचा हिरवा हुतोय दगड. पाणी तळातनं वर उसळतंय तवा धुराड्यागत काळं, इतकं काय काय घिऊन आल्यालं असतंय. पण सगळंच वर येत न्हाई, बाळू. थोडं पाणी तितंच ऱ्हातंय. ओल म्हणून न्हवं. दगडाच्या घडणीतच बसतंय जाऊन."

भाकरी आमटीत विरघळली होती. तुझं तिकडं लक्ष नव्हतं.

"म्हणजे दगड खराब झाला," मी म्हणालो.

"खराब न्हवं. बदलला."

"तेच की."

"तेच न्हवं."

मी फरशीवाला. माझ्याकडं पाणी प्यायलेला दगड म्हणजे परत आलेला माल. मी तुला तसं सांगितलं, जरा आवाज चढवून. तू माझ्यापेक्षा जास्त चढवलास. दाजी शांतपणे म्हणाले, "आमटी गार व्हाय लागल्या." सुरुवात झाली ती इथं.

दगड दोन दिवस आपल्याच घरी राहिला आणि आईनं त्याला कामाला लावला. उन्हाळा होता, मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या बरणीत वर यायला लागलेल्या. तिनं दगड दोनदा धुतला आणि कैऱ्यांवर दाबून ठेवून दिला. तू आलीस, बरणीत बघितलंस आणि किंचाळलीस. "आई! समुद्राच्या तळाचा दगड हाय त्यो!"

"मग? धुतलाय की."

तू भांडायला तोंड उघडलंस आणि हसायलाच लागलीस. पोट धरून ओट्याला टेकलीस. "परत खाऱ्या पाण्यात गेलं गं बेणं!" तेव्हापासून दगड तुझ्या घरी, टीव्हीवर, लोकरीच्या रुमालावर. आलेल्या पाहुण्याला मी सांगायचो की आक्कानं समुद्रात बुडी मारून हा स्वतःच्या हातानं उचलला. आतून तुझा आवाज यायचा, "बुडी मारलो न्हाई! साखळ्यांची पोतडी तळावरनं ओढली, त्यात आला!" पाहुण्याला माझीच गोष्ट आवडायची, काय करणार?

मग ग्रीन मार्बलची लाट आली. आठवतं? जिने हिरवे, ओटे हिरवे, देवघरं हिरवी. मीही राजस्थानातनं माल मागवला आणि नमुन्याचा तुकडा उजव्या खिशात घेऊन हिंडायला लागलो. एक बाजू पॉलिश, मागं पिवळ्या रंगात नंबर. एकदा पेठ वडगावचं एक गिऱ्हाईक देवघरासाठी माल बघत होतं आणि नेमकी तू दुकानात आलीस. बोट ओलं करून लादीवर फिरवलंस, भिंग काढलंस.

"बाळू, ह्यो मार्बल न्हवं."

"आक्का, आत चहा आलाय, घे जा."

"मार्बल चुनखडीचा असतोय. ह्यो समुद्राच्या तळाखालचा दगड. माज्या दगडापेक्षाबी खोलातला. आई येगळी ह्येंची, पण भट्टी तीच. गरम पाण्यानं असा केलाय ह्येला. सापाच्या कातडीगत दिसतोय न्हवं? म्हणून नावबी सापाचंच हाय त्येला."

गिऱ्हाईकानं लादीवरचा हात काढून घेतला. "ओ बाई, देवघरात साप नको आमास्नी." पांढरी फरशीसुद्धा न घेता गेलं.

"ह्यो राजस्थानातनं येतोय!" मी ओरडलो. "राजस्थानात कुठला समुद्र?"

"कधीतरी असंल की. आमच्यातली बरीच तसं मानत्यात. काही मानत न्हाईत. वाद चालू हाय अजून."

"तुमचंच ठरंना, आणि माझं गिऱ्हाईक पळीवलंस?"

त्यानंतर जिथं जिथं कारागिरांनी ती लादी ओल्या सिमेंटवर बसवली, तिथं ती उन्हात वाळणाऱ्या पापडासारखी कडेनं वर आली. दिवसाआड तक्रार. तुला सांगितलं तर काय म्हणालीस? "पाण्यानं घडवल्याला दगड. पाणी भेटल्यावर गप बसंल व्हय?" मी रसीद बुकात 'ग्रीन मार्बल' असंच लिहीत राहिलो. बोर्डावरही तेच. तू येता-जाता बोर्ड वाचून नाक मुरडायचीस आणि मला त्यातही मजा यायची.

हे सगळं भांडण खेळातलं होतं. तुझ्या किडन्या बसल्या आणि ते खेळातलं राहिलं नाही.

आधी माझ्या किडनीची गोष्ट काढली मी, मोठ्या ऐटीत. डॉक्टरांनी माझ्या साखरेचा रिपोर्ट बघितला आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. माझं रक्त म्हणजे गुऱ्हाळातली काकवी. तू म्हणालीस, "बरं झालं. तुजी किडनी माज्यात घातली असती तर मी गिऱ्हाईकाशी गोड बोलाय लागलो असतो."

आठवड्यातनं तीन दिवस आपण डायलिसिसला जायचो. दाजींची नोकरी, म्हणून न्यायला-आणायला मी. तू त्या खुर्चीत, शेजारी मशीन, नळीतनं तुझं रक्त बाहेर जाऊन परत येताना दिसायचं. मला ते बघवायचं नाही, मी खिडकीकडं तोंड करून बसायचो. तू मात्र बघत राहायचीस. एकदा म्हणालीस, "समुद्राचंबी असंच चाल्लंय, बाळू. लाखो वर्षं घेतोय, पण अख्खा समुद्र त्या तापल्या दगडातनं एकदा फिरून येतोय. काय टाकून येतोय, काय घिऊन येतोय. म्हणून त्यो हाय तसा ऱ्हायलाय." मशीनवरची नर्स म्हणाली, "मॅडम, शिकवता का कुठं?" तू म्हणालीस, "ह्येला शिकवालोय. पास हुईना."

मीठ बंद झालं तुझं. पाणी मापून. समुद्राचं आयुष्यभर वेड घेतलेल्या बाईला मीठ आणि पाणी, दोन्ही बंद! मी हे हसत हसत म्हणालो होतो आणि तूही हसलीस, पण घरी आल्यावर आईच्या कैऱ्यांच्या बरणीचं झाकण काढून नुसता वास घेत उभी राहिलीस. मी बाहेर जाऊन स्कूटर पुसायला लागलो. स्वच्छच होती ती.

तुझा रंग काळवंडला. हात बारीक झाले, चिडचिड वाढली, मधेच शब्द हरवायला लागले. दुकानात माझा माल बघून नावं ठेवायला यायचीस, तेही थांबलं. आणि मी आपला दर खेपेला तेच म्हणायचो, "होशील की पहिल्यासारखी." गाडीवर बसताना म्हणायचो, उतरताना म्हणायचो. दुसरं काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणूनही म्हणायचो.

एक दिवस तू माझा दंड धरलास. पकड अजून तीच होती.

"बाळू, एकदा तरी खरं बोल. पहिल्यासारखी हुणार न्हाईस, म्हण."

"असलं अभद्र मी बोलणार न्हाई."

"अभद्र काय त्यात? त्यो दगड थंड झाला म्हणून परत काळा हुतोय व्हय? न्हाई हुत. म्हणून काय त्यो वाईट झाला?"

"दगडाचं येगळं, माणसाचं येगळं."

"तू अजून खराबच म्हणतोयस त्येला. म्हणून तुला माज्याकडं नीट बघायला हुईना."

मग तू आवाज उतरवलास. म्हणालीस, "माज्या टायमाला काठावरला कसलाबी खडा उचलू नका. मडक्याला भोक पाडायला माजा दगड घ्या. आणि दहाव्याला द्या सोडून पंचगंगेत. पंचगंगा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. पोचंल कणाकणानं कवातरी."

मी "चहा सांगून येतो" म्हणून उठलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. चहा आणला तेव्हा तू डोळे मिटले होतेस आणि मला बरंच वाटलं. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मीही काढू दिला नाही.

त्या सकाळी दाजींचा फोन दुकानात आला. शटर टाकून तसाच निघालो. तुझ्या घरात बाया होत्या, टीव्हीवर कुणीतरी पांढरी चादर घातलेली. चादरीखाली हात घालून दगड काढला आणि डाव्या खिशात टाकला. डाव्या, हे मला पक्कं आठवतंय, कारण उजव्यात जागा नव्हती.

घाटावर मडकं दाजींच्या खांद्यावर, मागनं भोक पाडायला मी. गुरुजींनी हात पुढं केला आणि विचारलं, "दगड?"

आक्का, कळंब्याच्या रस्त्याला दुकान टाकल्यापासून कुणी 'दगड?' म्हणालं की माझा हात उजव्या खिशात जातो. डोळ्यांपुढं पाणी, धूर, दाजींची पाठ. हातात आलं ते घेतलं, मारलं. फेरा झाला, परत मारलं. मग कुणीतरी तो पांढऱ्या फडक्यात बांधला आणि ती पुरचुंडी तुझ्या सोप्यातल्या कोनाड्यात जाऊन बसली. दहा दिवस मी तिला येता-जाता हात जोडत होतो. मनात म्हणत होतो, बघ, ऐकलं की तुझं. तोंडानं हो म्हणालो नाही, पण केलं.

दहाव्याला घाटावर गुरुजींनी पुरचुंडी सोडली. काळी राख लागलेली एक बाजू. तिच्यावर पहिली ओंजळ पडली, राख धुतली गेली आणि खाली आरशासारखं पॉलिश चमकलं. गुरुजींनी दगड जरा कलता केला. पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटनं नंबर, सात.

ग्रीन मार्बल, आक्का. नमुना नंबर सात.

लोक एकामागं एक येत होते. आत्या आली, तिळाचं पाणी घातलं, डोळे पुसले. मामा आले. कॉलेजातली तुझी माणसं आली, त्यातल्या एका सरांनी पाणी घालता घालता दगडाकडं जरा वाकून बघितलं, ते भूगर्भशास्त्राचेच असणार. मी खाली मान घालून उभा. दाजी माझ्या कानाशी आले.

"बाळू, ही फरशी हाय."

"व्हय दाजी."

"हिचा दगड कुठं हाय?"

"घरात असंल. त्या दिवशीच्या पँटीत."

दाजींनी तोंडाला उपरणं लावलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मागनं कुणीतरी येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "सावरा दाजी, सावरा." ते आणखीच हलायला लागले. ते रडत होते की हसत होते, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं, आणि नंतर नंतर मलाही कळेना.

मला तेवढ्यात वाटलं की स्कूटर काढावी, घरी जाऊन दगड आणावा. गुरुजी म्हणाले, आता वेळ नाही. मी उभ्या उभ्या घामानं भिजलो. तू एकच गोष्ट मागितली होतीस आणि मी तिथं माझ्या धंद्याचा नमुना टेकवला होता. मग तुझं ते ओलं बोट आठवलं, लादीवर फिरणारं. आई वेगळी, पण भट्टी तीच. म्हणजे तुझं खरं असेल तर हाही दगड समुद्राच्या तळातलाच. खाऱ्या गरम पाण्यानंच घडलेला, तुझ्या दगडासारखाच आत पाणी धरून बसलेला. आणि माझं खरं असेल तर मी माझ्या बहिणीच्या मडक्याला ओट्याची फरशी मारली. तू बरोबर असावीस असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. अगदी मनापासून वाटलं. म्हणजे कबूल करायच्या यादीत जे शेवटी ठेवलेलं होतं, ते मी उचलून पहिलं केलं. कावळा बसू दे, तो अडला की मोठ्यानं म्हणणार होतो, 'मान्य हाय आक्का, मार्बल न्हवं.' तोंड उघडलं सुद्धा.

तो मेला शिवून गेला.

दाजींनी पाण्यात उतरून नंबर सात सोडला. वर येऊन ओल्या धोतरानं माझ्याजवळ उभे राहिले. "गेला समुद्राकडं," म्हणाले. एवढंच. मला कुणीतरी शिवी घालायला हवी होती, ती काही त्यांनी घातली नाही. ते काम तुझं होतं.

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. हिरव्या लादीवर हात फिरवून म्हणालं, "मार्बल हाय न्हवं?"

"न्हाई पावणं," मी म्हणालो. "मार्बल न्हवं ह्यो. समुद्राच्या तळाखालचा दगड हाय. गरम खाऱ्या पाण्यानं बदलल्याला."

"मग बोर्डावर मार्बल का लिवलंसा?"

"भण सांगत हुती. ऐकलं न्हाई."

"मग आता ऐकलंसा व्हय?" असं म्हणून तो गेला, समोरच्या दुकानात. तिथं त्याला मार्बल मिळाला. मी बोर्डाकडं बघत उभा राहिलो. रंगवायला माणूस बोलावलाय, तो अजून आलेला नाही. काय लिहायचं तेही मला नीट सांगता येणार नाही, कारण तू सांगितलेलं ते सापाचं नाव मी तेव्हा मुद्दाम लक्षात ठेवलं नव्हतं.

आणि तुझा दगड. दहाव्याहून आल्या आल्या मी ती पँट शोधली. धुऊन दोरीवर, दोन्ही खिसे बाहेर लोंबतायत. आईला विचारलं, "खिशातला दगड?"

"बरणीत," आई म्हणाली. "तुज्या खिशातनं आणि काय निघणार? कैऱ्या वर याला लागल्या हुत्या."

बघितलं तर खरंच. मिठाच्या पाण्यात, कैऱ्यांवर, ती पांढरी शीर वर करून. मी काढला, पुसला. पंचगंगेवर नेऊन सोडावा, तुझी इच्छा दुसऱ्यांदा पुरी करावी, म्हणून स्कूटरपर्यंत गेलो आणि परत आलो. आज सकाळी परत गेलो, किल्ली लावली, परत आलो. तिथं एक गेलाच आहे. हाही सोडला तर भांडायला काय उरतं?

आत्ता लिहिता लिहिता उठलो तो स्वयंपाकघरात गेलो. आई बरणीपाशी बसली होती. मी दगड तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं त्या शिरेवरनं फिरवला आणि कैऱ्यांवर ठेवला. मग बरणीकडंच बघत म्हणाली, "बाळू, घर आता पहिल्यासारखं कवा व्हायचं रं?"

आक्का, ओठावर तेच आलं होतं. होईल की. इतकी वर्षं तयार ठेवलेलं, जिभेला सवयीचं.

"व्हायचं न्हाई, आई," मी म्हणालो.

ती वळली. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली, आणि मीही या वेळेला खिडकीकडं तोंड केलं नाही.

"मग झाकण तरी नीट लाव," ती म्हणाली.

लावलं, आक्का. दगडावर दोन बोटं खारं पाणी आहे. थंडच आहे.